पोटातून काढलेला तुकडा कुठं गेला?

तोंडाचा कॅन्सर आपल्या वस्त्यांना माहीत आहे. स्तनाच्या आणि गर्भपिशवीच्या कॅन्सरबद्दल बायका आता एकमेकींशी बोलू लागल्या आहेत. लहान आतड्याचा कॅन्सर मात्र जयसिंगपूर, शिरोळ, उदगाव, कुरुंदवाड या भागातल्या किती घरांनी ऐकला असेल? माणूस ‘पोटाच्या आजारानं गेला’ असं म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. नक्की काय झालं होतं ते घरच्यांना सांगता येत नाही, कारण ते कुठल्या कागदावर लिहिलेलंच नसतं.

हा कॅन्सर दुर्मीळ आहे हे खरं. लहान आतडं सुमारे २० फूट लांब, पचनमार्गाचा सगळ्यात लांबलचक भाग. तरीही पचनमार्गाच्या १०० कॅन्सरमध्ये लहान आतड्याचे जेमतेम ३ असतात. गावातल्या फॅमिली डॉक्टरनं आयुष्यभरात असा एखादाच पेशंट पाहिलेला असतो, कित्येकांनी एकही नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पण दुर्मीळ म्हणजे आपल्या घरी येणारच नाही, असं आपण धरून चालतो ते चूक आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. या कॅन्सरचा मुख्य इलाज ऑपरेशन हाच आहे. पण टाके निघाले म्हणजे इलाज झाला असं नाही. काढलेला तुकडा तपासून त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत ते काम अर्धंच राहतं. आपल्याकडं हा रिपोर्ट हरवतो, किंवा मुळात होतच नाही. आपण डॉक्टरांना ‘पेशंट कधी जेवेल’ हे विचारतो, ‘घरी कधी सोडणार’ हे विचारतो, ‘बिल किती झालं’ हे तर विचारतोच. ‘तुकड्याचा रिपोर्ट कधी येणार’ हे विचारणारा नातेवाईक विरळा.

आधी हा आजार ओळखायचा कसा ते पाहू. लहान आतड्यात अन्न पातळ असतं, त्यामुळं गाठ बरीच वाढेपर्यंत वाट अडत नाही. माणूस चालता-फिरता असतो, कामालाही जातो. जेवल्यानंतर थोड्या वेळानं पोटात पिळवटून कळ येते, पोट फुगतं, कधी उलटी होते. मग आठ-दहा दिवस काहीच नाही. मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणली जाते. गाठीतून रक्त थोडं थोडं आतल्या आत जात असतं. कधी शौचाला डांबरासारखं काळं होतं, कधी तेही दिसत नाही, नुसता थकवा येतो आणि रक्त कमी भरतं.

बाईचं रक्त कमी असलं तर आपल्याकडं त्याची चौकशीच होत नाही. बायकांचं कमीच असतं, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, त्या घ्यायच्या. पण पाळी जाऊन पाच वर्षं झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन ७ वर का येतं? रक्त कुठून तरी जात असणार, आणि बहुतेक वेळा ते पोटातून जात असतं. पुरुषाचं रक्त कमी झालं की ते दारूवर ढकलतात. (तो पीत नसला तर विड्यांवर.) जाणत्या वयाच्या माणसाचं रक्त कारणाशिवाय कमी होत असेल, वजन उतरत असेल आणि पोटाची तक्रार दीड-दोन महिने औषध घेऊनही जात नसेल, तर पुढची तपासणी मागितलीच पाहिजे.

काविळीचं वेगळं सांगावं लागेल. जठर संपल्यावर लहान आतड्याचा जो पहिला वळसा लागतो त्याला ड्युओडेनम म्हणतात. पित्ताची नळी तिथंच उघडते. त्या तोंडाशी गाठ आली की पित्त तुंबतं आणि डोळे पिवळे होतात. पोट दुखेलच असं नाही. अंगाला खाज सुटते, लघवी गर्द पिवळी, शौच पांढरट. आणि आपल्याकडं कावीळ म्हटलं की पहिली धाव कुठं असते ते सांगायला नको. कुणी झाडपाला देतो, कुणी नाकात थेंब सोडतो, कुणी माळ घालतो. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. जंतूंमुळं झालेली साधी कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय माळेला मिळतं. गाठीची कावीळ उतरत नाही, ती वाढत जाते, आणि माळ बदलण्यात दोन महिने निघून जातात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत अशी माळ गळ्यात दिसते तेव्हा आम्हाला वाईट वाटतं, एवढंच इथं म्हणतो. काविळीला पोटाची सोनोग्राफी हा पहिला उपाय आहे.

शिरोळ तालुक्यात कॅन्सरचा विषय निघाला की उसाची खतं, फवारणीची औषधं आणि पंचगंगेचं पाणी यांवर बोलणं जातं. नदीच्या घाणीविरुद्ध लढलंच पाहिजे. पण पेशंटच्या पोटात गाठ कशामुळं आली याची चर्चा महिनाभर चालते आणि तोवर त्याचा सी.टी. स्कॅन होत नाही, हे आम्हाला पटत नाही.

तपासणीतही एक फसगत आहे. तोंडातून घातलेली दुर्बीण साधारणपणे ड्युओडेनमपर्यंत जाते. खालून घातलेली दुर्बीण मोठं आतडं ओलांडून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते. मधलं बरंचसं आतडं दोन्हीकडून दिसत नाही. म्हणून ‘दोन्ही दुर्बिणी झाल्या, काही सापडलं नाही’ याचा अर्थ काही नाही असा होत नाही. मधल्या भागासाठी औषध पाजून किंवा शिरेतून देऊन केलेला सी.टी. स्कॅन लागतो, मोठ्या ठिकाणी गिळायच्या कॅप्सूलचा कॅमेराही असतो.

दुसरी फसगत टी.बी.ची. आपल्या वस्त्यांत टी.बी. आहे, आतड्याचाही आहे. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या कोपऱ्यात टी.बी. आणि कॅन्सर स्कॅनवर बरेच सारखे दिसू शकतात. अंदाजानं टी.बी.च्या गोळ्या सुरू होतात. टी.बी. असेल तर माणूस सुधारतो. दोन महिन्यांत भूक, वजन, दुखणं यांत काहीच फरक पडला नाही तर गोळ्यांचा कोर्स पुरा होण्याची वाट पाहत बसू नये. जिथं दुर्बीण पोचते तिथला नमुना गोळ्या सुरू करायच्या आधीच काढून तपासला तर उत्तम.

आता ऑपरेशन. गाठ कुठं आहे त्यावर ते ठरतं. मधल्या आतड्यात असेल तर गाठीच्या दोन्ही बाजूंचं थोडं निरोगी आतडं, आणि त्याला धरून असलेला पंख्यासारखा पडदा त्यातल्या गाठींसकट काढतात आणि दोन टोकं जोडतात. शेवटच्या टोकाला असेल तर मोठ्या आतड्याचा उजवा भागही जातो. हे ऑपरेशन मोठं असलं तरी चांगल्या सर्जनच्या आवाक्यातलं आहे. पित्ताच्या तोंडाशी असेल तर मात्र व्हिपल नावाचं ऑपरेशन लागतं. अमेरिकेचे सर्जन ॲलन व्हिपल यांनी ते १९३५ मध्ये मांडलं. त्यात ड्युओडेनम, स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय आणि पित्तनळीचा भाग काढून तीन नवे जोड द्यावे लागतात. कित्येक तास चालणारं काम. जिथं अशी ऑपरेशनं वर्षाला भरपूर होतात तिथं पेशंट दगावण्याचं प्रमाण कमी असतं, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून ‘डॉक्टरसाहेब, असं ऑपरेशन तुमच्याकडं वर्षात किती वेळा होतं?’ हे नम्रपणे विचारायला लाजू नये. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. दुर्बिणीतून करणार की पोट उघडून, यावर आपले लोक फार बोलतात. ती दुय्यम बाब आहे.

पण पुष्कळदा विचारपूस करायला वेळच नसतो. हा कॅन्सर पहिल्यांदा कळतो तोच मध्यरात्री. आतडं अडकतं किंवा फुटतं, पोट दगडासारखं होतं आणि माणूस तडफडतो. त्या वेळी मुंबई-पुणे शोधत बसायचं नाही. मिरज अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून या पट्ट्यातली माणसं ऑपरेशनसाठी मिरजेला जात आली आहेत. तिथं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सांगली जवळ आहे, कोल्हापुरात सी.पी.आर. आहे. जीव आधी वाचवायचा.

आणि नेमकं याच वेळी तुकडा हरवतो. रात्रीचं ऑपरेशन, घरचे घाबरलेले, पैशांची जुळवाजुळव चाललेली. ‘आतड्याला पीळ पडला होता, सडलेलं आतडं काढलं’ असं सांगतात आणि घरच्यांना तेवढंच आठवतं. अनेक ठिकाणी तुकडा बरणीत घालून नातेवाइकाच्याच हातात देतात आणि लॅबचा पत्ता सांगतात. घरातला पोरगा ती बरणी घेऊन बाहेर पडतो. तपासणीचे पैसे ऐकून परत येतो, किंवा किळस येते म्हणून कुठं तरी टाकून देतो. असं घडतं, हे या भागात दवाखान्यांत वावरणाऱ्या कुणालाही विचारा.

त्या बरणीतलं पाणी म्हणजे फॉर्मलिन. ते ओतून टाकायचं नाही, साधं पाणी भरायचं नाही, बरणी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. ती त्याच दिवशी लॅबला पोचवायची. लॅब तुकड्याचे छोटे भाग मेणात बसवते, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि त्यांच्या पातळ चकत्या काचेवर घेते, त्या स्लाइड. छापील रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून घेता येतात. पुढं मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात गेलात तर तिथं त्याच मागतात आणि स्वतः पुन्हा तपासतात. रिपोर्टात तीन गोष्टी आहेत का पाहा: कॅन्सर कुठल्या जातीचा, कापलेली टोकं स्वच्छ आहेत का, आणि सोबतच्या किती गाठी तपासल्या व त्यांतल्या किती बाधित निघाल्या.

जात कळणं का महत्त्वाचं? कारण लहान आतड्याचा कॅन्सर हा एक आजार नाहीच. ॲडिनोकार्सिनोमा असेल तर आजूबाजूच्या गाठी नीट काढल्या का हे मोलाचं ठरतं आणि पुढं केमोथेरपीचा विचार होतो. लिंफोमा निघाला तर इलाजाचा मुख्य भार औषधांवर असतो, सुरी फक्त अडचणीच्या वेळी. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असेल तर तो सावकाश वाढणारा असू शकतो, एकाच आतड्यात त्याच्या अनेक बारीक गाठी असू शकतात. म्हणून सर्जन पूर्ण आतडं हातानं चाचपून पाहतात. यकृतात पसरलेला असला तरी काही पेशंटना ऑपरेशनचा फायदा होतो. हे नाव आपण एकदा ऐकलेलं आहे. मार्च २०१८ मध्ये इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचं जाहीर केलं तेव्हा लोकांनी तो मेंदूचा आजार समजला. ‘न्यूरो’ म्हणजे मेंदूच असं नाही, हे त्यांनाच सांगावं लागलं. २९ एप्रिल २०२० रोजी ते मुंबईत गेले. एवढ्या मोठ्या नटाच्या आजाराचं नाव कळायलाही आपल्याला त्यांचं निवेदन वाचावं लागलं.

चौथी जात जिस्ट. तिची गोष्ट प्रत्येक वस्तीनं ऐकावी अशी आहे. ही गाठ आतड्याच्या भिंतीतून उठते आणि पातळ आवरणात असते. ऑपरेशनमध्ये ते आवरण फाटलं तर पेशी पोटात सांडतात, म्हणून ती अख्खी काढावी लागते. परत येण्याचा धोका जास्त असेल तर पुढं तीन वर्षं इमॅटिनिब नावाची गोळी रोज घ्यायची असते. नोव्हार्टिस कंपनीची ही गोळी ग्लिव्हेक या नावानं महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडायची. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८-१० हजारांत मिळत होती. नोव्हार्टिसला भारतात पेटंट हवं होतं. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था त्याविरुद्ध कोर्टात उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे कंपनीची मागणी फेटाळली. म्हणून स्वस्त गोळी राहिली. आता हे लक्षात घ्या: एवढी लढाई जिंकून गोळी गरिबाच्या आवाक्यात आली, आणि वस्तीतल्या पेशंटला ती मिळत नाही, कारण त्याचा तुकडा तपासलाच गेला नाही आणि त्याला जिस्ट होता हे कुणाला कळलंच नाही.

यातून दुसरंही नुकसान होतं. तपासला न गेलेला कॅन्सर मोजला जात नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी चालते, मुंबईत १९६३ पासून. अशा नोंदींवरूनच कुठं कोणता कॅन्सर किती आहे ते सरकारला कळतं. नोंद नाही म्हणजे आजार नाही, आणि आजार नाही म्हणजे त्यासाठी पैसाही नाही. मोजणीचं महत्त्व आपल्या समाजाला वेगळं सांगायची गरज नसावी.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो, अशी भीती घराघरांत आहे. ती उगाच आलेली नाही. माणूस फार उशिरा जातो, पोट उघडल्यावर सगळीकडं पसरलेलं दिसतं, सर्जन काही न काढता पोट शिवतात, आणि दोन महिन्यांत माणूस जातो. बघणाऱ्याला वाटतं सुरीनं मारलं. मारलं उशिरानं. आवरण फाटलं तर पेशी सांडतात हे वर सांगितलंच, पण त्यावरचा उपाय जाणता सर्जन शोधणं हा आहे. ऑपरेशन टाळल्यानं गाठ थांबत नाही.

आतड्यावरच्या ऑपरेशनची गोष्ट आपल्या पाली साहित्यातही आहे. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा येते. तथागतांवर उपचार करणारा हा वैद्य जन्मताच उकिरड्यावर टाकलेला होता, अभय राजकुमारानं त्याला वाढवलं. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला खेळताना पीळ पडला. खाल्लेलं पचेना, तो सुकत चालला. जीवकानं त्याला खांबाला बांधलं, पोट उघडलं, आतड्याचा पीळ बाहेर काढून त्याच्या बायकोला दाखवला, तो सोडवला, आतडं आत घातलं आणि पोट शिवलं. कथा म्हणून वाचा, इतिहास म्हणून वाचा. आम्हाला त्यात एक तपशील महत्त्वाचा वाटतो: जीवकानं नवऱ्याचं दुखणं बायकोला डोळ्यांनी दाखवलं. आजही आतून काय निघालं हे घरच्यांना कळलंच पाहिजे. त्याच महावग्गात पोटाच्या विकारानं घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीनं स्वतः धुतल्याचा प्रसंग आहे. त्याच्याजवळ कुणी गेलं नव्हतं.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर आली, २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव मिळालं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरची ऑपरेशनं त्यात येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी भेटायचं. अडलं तर १५५३८८ वर फोन करायचा. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचं बंधन मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं आहे. मागितल्याशिवाय ती खाट सहसा मिळत नाही.

योजनेची एक उणीव सरकारनं भरून काढायला हवी असं आमचं मत आहे. ऑपरेशनचा खर्च भागतो, पण त्याआधीचे स्कॅन आणि दुर्बिणी, जाण्यायेण्याचं भाडं, सोबत्याची बुडालेली मजुरी यांनी घर आधीच मोडलेलं असतं. ते होईपर्यंत आपल्या मंडळांनी पुढं यावं. जयंतीची वर्गणी चांगली जमते. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात एका पेशंटचा स्कॅन आणि तुकड्याची तपासणी होते. हे लिहिल्यावर काही तरुण आमच्यावर रागावतील, रागावू देत.

परळच्या टाटा हॉस्पिटलला जायची वेळ आली तर घाबरायचं कारण नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेलं आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या ताब्यात असलेलं हे हॉस्पिटल गरिबांचं मोठं आधारस्थान आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री धरली की सकाळी दादर. कॅन्सरच्या पेशंटला आणि एका सोबत्याला रेल्वे तिकिटात सवलत आहे, तिचा छापील नमुना हॉस्पिटल भरून देतं. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. तिथं बहुतेक टाटाचेच पेशंट असतात. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती, आणि बाबासाहेबांनंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, बाबाही गेले. जाताना जुने सगळे कागद, स्कॅनच्या फिल्म, ब्लॉक आणि स्लाइड बरोबर न्या, नाहीतर सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. २०१९ च्या महापुरात आपल्या तालुक्यात कितीतरी घरांतले कागद भिजले. प्रत्येक कागदाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

ऑपरेशननंतर आतड्याचं शेवटचं टोक गेलं असेल तर बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून शोषलं जात नाही. त्याची इंजेक्शनं ठरावीक काळानं आयुष्यभर घ्यावी लागू शकतात. काही महिने शौचाला पातळ होतं, थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं लागतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर तीन-सहा महिन्यांनी तपासणीची तारीख असते. ऊसतोडीच्या हंगामात ती तारीख आली तर लोक जातच नाहीत. फोन करून ती पुढची मागून घेता येते, फाइलवर नंबर असतो.